चेंडू, टाचण्या आणि तापाची पूड

हेडफोन नीट लावा, आज आपल्याला थेट १७४४ सालच्या लंडनमध्ये जायचंय. पण त्याआधी माझी एक फजिती ऐका.

माझ्या एका मैत्रिणीने मुलांसाठी कादंबरी लिहिली. छापून यायच्या आधी ती मला म्हणाली, "तू एवढे एपिसोड करतोस, एक मिनिटाचा ट्रेलर करून दे ना." मी लगेच हो म्हटलं. धुकं, पडका वाडा, जिन्यावर पावलांचा आवाज आणि शेवटच्या पाच सेकंदांत नायिकेचा चेहरा. तो एका चित्रकार मित्राकडून मुद्दाम काढून घेतला होता. सगळं मस्त जमलं असं वाटून मी तो व्हिडिओ भाचीला दाखवला. ती दहा वर्षांची आहे, आणि कादंबरीचं हस्तलिखित तिने आधीच वाचलेलं होतं. व्हिडिओ संपल्यावर म्हणाली, "मामा, ही ती नाहीये." आणि थोड्या वेळाने, जरा रागानेच, "आता मला हीच दिसणार."

घ्या! पुस्तक विकायला निघालो आणि आहे त्या वाचकाचंच काहीतरी काढून घेतलं. मग डोक्यात किडा वळवळायला लागला, की मुलांची पुस्तकं खपवायला लोकांनी आजवर काय काय केलंय?

तर जॉन न्यूबेरी. शेतकऱ्याचा मुलगा, पुढे लंडनमध्ये प्रकाशक झालेला. मुलांसाठी गमतीची पुस्तकं काढणारा तो अगदी पहिला नव्हे, थॉमस बोरमनने त्याच्या आधी सुरुवात केली होती. पण विकण्याची अक्कल म्हणाल तर न्यूबेरीच. १७४४ मध्ये त्याने 'अ लिटल प्रिटी पॉकेट-बुक' काढलं. नुसतं पुस्तक सहा पेन्सला. आठ पेन्स दिले, तर मुलाला सोबत चेंडू आणि मुलीला टाचण्या खोचायची छोटी उशी. (हो, मुलाला चेंडू आणि मुलीला उशीच. अठरावं शतक आहे, काय करणार.)

आता त्या चेंडूची गंमत बघा. एक बाजू लाल, एक काळी. चांगलं वागलात की लाल बाजूला टाचणी खोचायची, वाईट वागलात की काळ्या. पुस्तकात राक्षस मारणाऱ्या जॅकचं पत्र आहे. तो सांगतो, दहाच्या दहा टाचण्या लाल बाजूला गेल्या तर एक पेनी पाठवीन, काळ्या बाजूला गेल्या तर छडी! म्हणजे चेंडू बघून मूल हट्ट करणार आणि छडी बघून आईबाप पैसे काढणार. वाचणारा एक, पैसे देणारा दुसरा, ही मुलांच्या पुस्तकाची जुनी अडचण. न्यूबेरीने दोन पेन्सांत दोघांनाही गुंडाळलं.

पुढे १७६५ च्या नववर्षाला त्याने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. पेपर मोठ्यांचा, पण जाहिरातीचा सूर असा, की आमच्या शहाण्या छोट्या दोस्तांनी सेंट पॉल्स चर्चयार्डमधल्या दुकानात यावं, वांड पोरांना मात्र काही मिळणार नाही. आता कोणतं मूल स्वतःला वांड म्हणवून घेईल?

याच सुमाराचं त्याचं गाजलेलं पुस्तक म्हणजे 'गुडी टू-शूज', एका अनाथ मुलीची गोष्ट. तिचे वडील तापाने जातात, आणि लेखक मध्येच सांगतो, की ते अशा ठिकाणी होते जिथे डॉक्टर जेम्सची पूड मिळत नव्हती. ही पूड विकत कोण होतं? स्वतः न्यूबेरी! म्हणजे मुलांच्या गोष्टीतल्या बापाच्या मरणावर दुकानातल्या औषधाची जाहिरात. मला हे वाचून आधी हसू आलं, मग नाही आलं. कारण त्या पुडीत अँटिमनी होतं, विषारी धातू. ऑलिव्हर गोल्डस्मिथ हा नामवंत लेखक न्यूबेरीसाठी लिहायचा. 'गुडी टू-शूज' त्यानेच लिहिलं असावं असा अनेकांचा कयास आहे. १७७४ मध्ये गोल्डस्मिथ आजारी पडला. वैद्य नको नको म्हणत असताना त्याने हट्टाने हीच पूड घेतली, आणि काही दिवसांतच गेला. न्यूबेरी तोवर हयात नव्हता. आज अमेरिकेत मुलांच्या साहित्याचा सगळ्यात मानाचा पुरस्कार त्याच्या नावाने दिला जातो.

असो. ट्रेलर हा शब्द सिनेमाचा. सुरुवातीला या जाहिराती सिनेमा संपल्यावर, त्याच्या मागे लागायच्या, म्हणून ट्रेलर. लोक उठून घरी जायला लागले तशा त्या पुढे आणल्या, नाव तेच राहिलं. पुस्तकांचे ट्रेलर खरे पसरले ते २००५ मध्ये यूट्यूब आल्यावर.

त्यातला मला आवडलेला, 'मिस पेरेग्रीन्स होम फॉर पिक्युलिअर चिल्ड्रन'चा, २०११ चा. लेखक रॅन्सम रिग्ज सिनेमा शिकलेला. ट्रेलरसाठी तो बेल्जियम-लक्झेंबर्गमध्ये ओसाड वाडे शोधत हिंडला. पण त्याला माझ्यासारखी अडचण आली नसणार, कारण त्या कादंबरीत जुने, खरेखुरे, विचित्र फोटोच छापलेत. चेहरे वाचकाला पुस्तकानेच दिलेत. ट्रेलर नवीन काही लादत नाही.

आपल्याकडे बघा ना, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे मला आईच्या जुन्या पुस्तकांतून भेटला. आईसाठी तो दूरदर्शनवरचा सुमीत राघवन. २०१७ मध्ये सिनेमा आला, अमेय वाघ फेणे झाला, आणि ट्रेलर बघून कितीतरी जणांनी पुस्तकं शोधली असतील. चांगलंच झालं. पण माझ्या मनातला लुकडा फेणे त्यानंतर धूसर झाला, हेही खरंय. शाबूत राहिलं ते त्याचं 'टॉक्!' तो आवाज मी लहानपणी जसा मनात ऐकला होता, तसाच अजून ऐकू येतो.

म्हणून मी परत एडिटिंगला बसलो. शेवटचा चेहरा काढला. (चित्रकार मित्राला जेवायला नेलं, बिल भरलं.) त्या जागी काळा पडदा ठेवला आणि फक्त तिचा धापा टाकण्याचा आवाज. मैत्रीण म्हणाली, चेहरा नसेल तर लोक थांबणार नाहीत, पुढे स्क्रोल करतील. तिचंही बरोबर असेल. वर्षभर खपून लिहिलेलं पुस्तक तिचं आहे, प्रती खपल्या नाहीत तर गठ्ठे तिच्याच घरी पडणार. बराच वाद झाला, शेवटी ती कशीबशी तयार झाली.

नवा व्हिडिओ भाचीला पाठवला. तिचं उत्तर व्हॉइस नोटवर आलं: "आवाज ठीक आहे. पण मामा, पुस्तकात वाड्याचं दार हिरवं होतं."