‘अनिर्णीत’ हा शेरा आणि वतनाचे कज्जे

जुन्या दप्तरांच्या याद्या करितांना वतनाच्या कज्ज्याचे कागद लागले आणि निवाडपत्र मात्र मिळालें नाहीं, तर ‘निकाल अनिर्णीत’ असा शेरा लिहून यादीकार मोकळा होतो. हा शेरा बहुधा कज्ज्याची स्थिति सांगत नसून हातीं आलेल्या कागदांची स्थिति सांगतो.

शब्द संस्कृत आहे. निर् या उपसर्गासह नी धातूपासून निर्णीत. म्हणून ‘णी’ दीर्घ. ‘अनिर्णित’ हें ऱ्हस्व लेखन फार बोकाळलें आहे, पण तें अशुद्धच. अर्थ, ज्याचा निर्णय झालाच नाहीं तें. क्रिकेटच्या वृत्तांतांत हा अर्थ अधिक कसोशीनें पाळला जातो. १९८६ सालीं मद्रासचा भारत-ऑस्ट्रेलिया सामना बरोबरींत सुटला, त्यास कोणी अनिर्णीत म्हणत नाहीं.

मराठेशाहींतील लेखक असा सरसकट शब्द योजीत नसत. काम पुढें ढकललें तर ‘मुलतवी’ किंवा ‘तहकूब’. निकालापर्यंत वतन सरकारनें आपल्या ताब्यांत ठेविलें तर ‘अमानत’; याचेंच वर्णविपर्यासानें ‘अनामत’ झालें. तिन्ही शब्द मूळचे अरबी. वतन अमानत झालें कीं त्याचे हक्क सरकारांत जमा व्हावयाचे, म्हणजे खरोखर लोंबकळत राहिलेल्या वादाचीही खूण जमेच्या बाजूस शोधतां येते.

आतां कागद कोठें राहतात तें पाहावें. उभय वादी तकरीर लिहून देत, जामीन देत, निवाडा मान्य करूं असा राजीनामा देत. पुढें निवाडपत्र जाई जिंकणाराच्या घरीं. आणि हरणारानें लिहून दिलेलें येजितखतही त्याच्याच घरीं! हरलेल्या घराण्यांत तकरिरीची नक्कल उरली तर उरे. असल्या रुमालावर ‘अनिर्णीत’ लिहिणें म्हणजे हरलेल्या पक्षास दोन शतकांनंतर पुन्हां वादांत उभें करणें होय. घराण्याचा इतिहास लिहिणारास हा शेरा सोयीचा वाटल्यास नवल नाहीं.

निवाडपत्र गहाळ असलें तरी निकाल कळण्याचा मार्ग खुंटत नाहीं. सरकार जिंकणारापासून हरकी व हरणारापासून गुन्हेगारी घेई. जमाखर्चांत हरकी ज्याच्या नांवें पडली तो जिंकला. मात्र एकदां झालेला निवाडा पुढें फिरल्याचीं उदाहरणें आहेत, यास्तव नोंदीची मिति पाहूनच बोलावें.

तेव्हां यादींत ‘निवाडपत्र उपलब्ध नाहीं’ एवढेंच लिहावें. आणि मुलतवी, तहकूब किंवा अमानत यांपैकीं शब्द खुद्द कागदांत असेल, तर तोच शब्द मितीसह उतरून घ्यावा.