बोरघाट : वारा, चढ आणि डिझेलचा हिशेब

१) द्रुतगती मार्गावरील काही मालट्रकांच्या केबिनच्या टपावर वक्र, उतरता पत्रा बसवलेला आपण पाहिला असेल. वाऱ्याला वाट करून देऊन डिझेल वाचवणे हे त्याचे काम. मात्र खालापूर मागे पडून बोरघाट सुरू झाला की तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. का, ते पाहू.

२) एकेकाळी या घाटातून माल बैलांच्या पाठीवरून जाई. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये रेल्वे आली. कर्जतच्या बाजूने वर चढणाऱ्या या लोहमार्गाचा सर्वांत कठीण चढ ३७ फुटांमागे १ फूट आहे.

३) हा चढ जिंकण्यासाठी रेल्वेने काय केले? आरंभी गाडीची दिशा उलटवणारे स्थानक बांधले. कर्जतला गाडीमागे ढकलणारी जादा इंजिने जोडली. ती प्रथा आजही आहे. १९२९ मध्ये विजेवरची गाडी आली, मार्ग सुधारला आणि दिशा उलटवण्याची गरज संपली. या साऱ्या खटाटोपात वारा कुठेच नव्हता. शत्रू एकच होता : वजन.

४) ट्रकचा ढोबळ हिशेब मांडू. ४० टनांचा ट्रक तेवढाच चढ ताशी २० किलोमीटरने चढत असेल, तर गुरुत्वाकर्षण त्याला हजार किलोहून अधिक भाराने मागे ओढते. हवेचा अवरोध भरतो जेमतेम १२ किलो.

५) सपाटीवर चित्र पालटते. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग चौपट, तर अवरोध सोळापट. ताशी ८० किलोमीटरला तो १९० किलोच्या घरात जातो, म्हणजे एकूण विरोधाच्या सुमारे ४० टक्के. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत नासाच्या संशोधकांनी खोक्यासारख्या गाडीचे कोपरे गोलावून हा अवरोध घटवून दाखवला, तो अशाच मोकळ्या रस्त्यांसाठी. आपल्याकडे फडफडणारी ताडपत्री ताणून बांधणे हाही त्यातलाच स्वस्त उपाय.

६) सुमारे ५५० मीटरची ही चढण ४० टनांच्या ट्रकचे अंदाजे १५ लिटर डिझेल केवळ उंचीपायी खाते. ते उतरताना वसूल करावे, म्हणून काही चालक गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. या समजुतीने घाटात जीव जातात.

७) आणि बचत तरी होते का? आजच्या डिझेल इंजिनात गिअर टाकलेला असून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंधनपुरवठा थांबतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. शिवाय इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर पडतो. त्या उंचीवरून उतरणाऱ्या ४० टनांची ऊर्जा सुमारे ७०० लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. ब्रेक तापून निकामी होतात, यात नवल नाही.

८) रेल्वेला हे पूर्वीच उमगले होते. मंकी हिल आणि ठाकूरवाडी येथे निसटलेली गाडी चढावर वळवून थांबवणारे मार्ग त्यासाठीच आहेत. ट्रकसाठी जुना नियम पुरेसा आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये उतरावा. डिझेल वाचवायचे ते खालापूरच्या अलीकडे आणि लोणावळ्याच्या पलीकडे, सपाटीवर, वेग आवरून.