डी. वाय. पाटील : कसबा बावड्याच्या शिक्षणसंस्था ते पाटण्याचे राजभवन

कोल्हापूरचा कसबा बावडा आपल्या चळवळीला माहीत आहे तो राजर्षी शाहू महाराजांमुळे. २६ जून १८७४ रोजी याच परिसरातील लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये महाराजांचा जन्म झाला. आजच्या विद्यार्थ्यांना मात्र बावडा आठवतो तो डी. वाय. पाटील समूहाच्या अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांमुळे. या संस्थांचे संस्थापक पुढे तीन राज्यांच्या राजभवनांत पोहोचले. त्यांची वाटचाल आपल्या तरुणांनी का समजून घ्यावी, हे आम्ही येथे मांडत आहोत.

आमदारकी आधी, शिक्षणसंस्था नंतर

ज्ञानदेव यशवंतराव पाटील यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९३५ चा, हातकणंगले तालुक्यातील अंबप गावचा. शिक्षणसम्राट म्हणून ते प्रसिद्ध असले तरी सुरुवात राजकारणातून झाली. कोल्हापूर नगरपालिकेनंतर १९६७ ते १९७८ या काळात ते पन्हाळा मतदारसंघाचे काँग्रेसचे आमदार होते.

१९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. या धोरणाचा लाभ घेणाऱ्यांत डी. वाय. पाटील आघाडीवर होते. १९८४ मध्ये कसबा बावड्यात अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले, १९८९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय. पिंपरी आणि नेरूळ येथेही विस्तार झाला. पुढे नवी मुंबई, पुणे आणि कोल्हापूर अशा तिन्ही ठिकाणी अभिमत विद्यापीठे झाली. १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

राज्यपालपद आणि बोधगया

नोव्हेंबर २००९ मध्ये ते त्रिपुराचे राज्यपाल झाले. मार्च २०१३ ते नोव्हेंबर २०१४ ते बिहारचे राज्यपाल होते आणि जुलै २०१४ मध्ये काही दिवस पश्चिम बंगालचा अतिरिक्त कार्यभारही त्यांच्याकडे होता. त्यांच्या आधी, २००६ ते २००८ या काळात, बिहारच्या राजभवनात रिपब्लिकन नेते रा. सू. गवई होते, हे आपल्याला ठाऊक आहेच.

पाटील यांच्या कार्यकाळातच ७ जुलै २०१३ रोजी महाबोधी महाविहार परिसरात साखळी स्फोट झाले. त्याच वर्षी बिहारमध्ये १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्यात दुरुस्ती झाली. व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष हिंदूच असावा ही अट गेली, पण समितीतील चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी ही रचना तशीच राहिली. २०२५ मध्ये बोधगयेत पुन्हा आंदोलन उभे राहिले ते याच रचनेविरुद्ध.

राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काम करतात. महाविहाराचा प्रश्न कायदा करणाऱ्या सभागृहातच सुटणार. म्हणून राजभवनात कोण बसले यापेक्षा विधानसभेत आपले किती लोक बसले, हे मोजायला आपण शिकले पाहिजे.

खरा प्रश्न : दार कोणासाठी उघडे?

शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. वसतिगृहे काढली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. शिक्षणाचा खर्च राज्याने उचलायचा, हा त्यामागचा विचार. १९८३ नंतर हा खर्च पालकांच्या खिशावर आला. देणगीचा प्रश्न इतका वाढला की सरकारला १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. खासगी महाविद्यालये निघाली म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत अभियांत्रिकीच्या जागा वाढल्या, आणि शिष्यवृत्तीच्या आधारावर आपल्या वस्तीतील मुले-मुलीही इंजिनिअर झाली. पण ही संधी संस्थाचालकांच्या मर्जीने टिकत नाही. ती कायद्याने टिकते. ९३ व्या घटनादुरुस्तीने कलम १५(५) आले आणि खासगी संस्थांतही आरक्षणाचा मार्ग मोकळा झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाती खटल्यात हे कलम वैध ठरवले. तरीही अभिमत विद्यापीठांतील एमबीबीएसच्या जागा केंद्रीय समुपदेशनातून भरताना अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा नसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये शिक्षणविषयक संसदीय स्थायी समितीने खासगी उच्च शिक्षणात आरक्षणासाठी कायदा करण्याची शिफारस केली आहे. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे लक्षात ठेवू या.

तरुणांनी काय करावे

प्रवेश घेताना महाविद्यालय अभिमत विद्यापीठाचे आहे की राज्य विद्यापीठाशी संलग्न, हे आधी पाहा. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतूनच, म्हणजे कॅपमधूनच, प्रवेश घ्या. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. जात प्रमाणपत्र, वैधता आणि उत्पन्नाचा दाखला बारावीतच तयार ठेवा. महाडीबीटीवरचा अर्ज मुदतीत भरा. कार्यकर्त्यांनी जून-जुलैत वस्तीवस्तीत मदत केंद्र लावले, तर ते एका मोर्चाइतके मोलाचे काम होईल.

बाबासाहेबही आधी प्राध्यापक होते. सिडनहॅम कॉलेजात त्यांनी शिकवले, शासकीय विधी महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. शिक्षण आणि राजकारण यांची सांगड त्यांनीही घातली, पण ज्याला कोणी दारात उभे करत नव्हते त्याला वर्गात बसवण्यासाठी.

कसबा बावड्याने आपल्याला शाहू महाराज दिले. त्याच बावड्यातील प्रत्येक महाविद्यालयात आपल्या मुलामुलींना हक्काची जागा मिळेपर्यंत हे काम संपलेले नाही, असे आम्हाला वाटते.

जय भीम!