शेताचा कच्चा नकाशा रंगीत आणि स्वच्छ कसा करायचा? मोजमाप, रंग आणि घ्यायची काळजी

शेतरस्त्याचा अर्ज असो, भावाभावांतलं वाटप असो, की पाईपलाईनचा वाद. कुठे ना कुठे कच्चा नकाशा लागतोच. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागताना तहसीलदारांकडे जो अर्ज करतात, त्यालाही आपल्या व लगतच्या जमिनीचा कच्चा नकाशा जोडतात. बऱ्याचदा तो वहीच्या पानावर बॉलपेनने काढलेला असतो. काढणाऱ्याला सगळं कळतं, पण टेबलापलीकडच्या माणसाला विहीर कुठली आणि झाड कुठलं हेही समजत नाही. हाच नकाशा मोबाईलवर किंवा संगणकावर स्वच्छ, रंगीत करता येतो. मात्र त्यासाठी मूळ कागद नीट असावा लागतो.

आधी मोजमाप, मग चित्र

कच्च्या नकाशावर चार गोष्टी हव्यातच: उत्तर दिशेचा बाण, प्रत्येक बांधाची लांबी, चारी बाजूंचे गट नंबर आणि तारीख. चतुःसीमा म्हणजे पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तरेला कोण आहे, ते लिहावं.

मोजायला जुनी साखळी अजूनही सोयीची. एक साखळी म्हणजे 33 फूट, तिचे 16 आणे. साखळी लांब आणि साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. मीटरमध्ये साखळी 10 मीटरच्या किंचित वर भरते. म्हणून कागदावर 1 सेंटिमीटर म्हणजे 10 मीटर असं प्रमाण धरलं, की ढोबळमानाने एक साखळी म्हणजे एक सेंटिमीटर होतं. नेहमीच्या ए-4 कागदावर या प्रमाणात दहा-अकरा एकरांचं शेत बसतं, फार लांबट नसेल तर.

शेत चौकोनी दिसलं तरी कोपरे काटकोनात असतीलच असं नाही. नुसत्या चार बाजू मोजल्या तर खाट हलावी तसा चौकोन कलतो. म्हणून एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर, म्हणजे कर्णही मोजावा. शेताचे दोन त्रिकोण झाले की आकार पक्का होतो.

मग क्षेत्र 7/12 शी ताडून बघावं. समजा कोपरे काटकोनात आहेत, एक बाजू 330 फूट आणि दुसरी 198 फूट. म्हणजे 10 साखळ्या गुणिले 6 साखळ्या, 60 गुंठे, दीड एकर. 7/12 वर हे साधारण 0.61 हेक्टरच्या जवळ दिसायला हवं. फार फरक आला तर रंगाला हात लावू नये, आधी पुन्हा मोजावं.

मोबाईलच्या जीपीएसवर किती भरवसा?

उघड्या आभाळाखाली साध्या मोबाईलचं जीपीएस साधारण 5 मीटरच्या आसपास जागा दाखवतं. झाडाखाली किंवा घरांच्या दाटीत फरक वाढतो. 5 मीटर म्हणजे सोळा फूट, अर्धी साखळी. विहीर शेताच्या कोणत्या बाजूला आहे हे दाखवायला एवढं चालतं. बांध ठरवायला चालत नाही. हद्दीवरून वाद असेल तर मोबाईल दाखवून तो मिटणार नाही, उलट वाढेल.

उपग्रहाच्या चित्रावर बांध, ओढा, झाडं दिसतात, त्यामुळे दिशा आणि वळणं तपासायला गुगल अर्थ कामाला येतं. गटाचा आकार बघायचा तर सरकारच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकावा. गाव तिथे असेल तर गटाचा आकार समोर येतो.

कागदावरून पडद्यावर

कागद सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात, बरोबर वरून फोटो घ्यावा. तिरका घेतला की बांध तिरके होतात. मोबाईलमधलं कागद स्कॅन करण्याचं ॲप वापरलेलं बरं, ते कोपरे सरळ करतं.

पुढचं काम थरांचं. खाली मूळ फोटो फिका करून ठेवायचा आणि वर नव्या थरावर गिरवायचं. हद्द एका थरावर, पाणी दुसऱ्यावर, रस्ते तिसऱ्यावर, झाडं-घरं चौथ्यावर, अक्षरं सगळ्यांत वर. एक चूक झाली तर तेवढाच थर दुरुस्त होतो. संगणकावर इंकस्केप हे फुकट सॉफ्टवेअर यासाठी चांगलं. त्यातली रेष कितीही मोठी केली तरी फाटत नाही. मोबाईलवर थर असलेलं कुठलंही चित्रकलेचं ॲप चालतं. जमत नसेल तर फ्लेक्सच्या दुकानात कोरलड्रॉवर काम करणारी मुलं असतात. पण त्यांना कच्चा नकाशा समजावून द्यावा, ओढा कुठे वळतो ते त्यांना घरबसल्या कळणार नाही.

हल्ली एआय ॲपला फोटो देऊन 'रंगीत करून दे' म्हणतात. चित्र झकास येतं, पण वाकडा बांध सरळ होतो, नसलेली झाडं उगवतात आणि मराठी अक्षरं बिघडतात. शोभेला ठीक आहे. अर्जाला जोडायचा नकाशा हातानेच गिरवावा.

कोणता रंग कशाला?

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत पाणी निळं, झाडी हिरवी, लागवडीची जमीन पिवळी आणि उंचसखलपणाच्या रेषा तपकिरी असतात. तीच रीत धरली तर बघणाऱ्याला लगेच उमगतं. विहीर, बोअर, शेततळं, ओढा निळ्यात. बाग आणि मोठी झाडं हिरव्यात. पीक असलेली जमीन फिक्या पिवळ्यात. हद्द जाड काळ्या रेषेत. आतला रंग फिका ठेवावा, नाहीतर अक्षरं बुडतात.

कचेरीत मात्र नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्स निघते आणि लाल-निळं सगळं करडं होतं. म्हणून रंग वेगळा तशी रेषही वेगळी हवी. गावनकाशात गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेने दाखवतात, तसंच करावं. पाईपलाईनला ठिपक्यांची रेष द्यावी, तिची खोली, व्हॉल्व्ह आणि ती रस्ता कुठे ओलांडते तेही लिहावं. जेसीबी लावण्याआधी ही एक ओळ वाचली तर फुटणारा पाईप वाचतो. खाली कोपऱ्यात खुणांची यादी आणि प्रमाण द्यायला विसरू नये.

सुबक नकाशा म्हणजे खरा नकाशा नव्हे

सगळ्यात मोठी काळजी इथेच. वहीवरची वाकडी रेष बघून कुणी फसत नाही. तीच रेष जाड, लाल, सरळ झाली की सरकारी वाटू लागते. म्हणून तीन गोष्टी वेगळ्या दाखवाव्यात: सरकारी नकाशात नोंद असलेला रस्ता, वहिवाटीत असलेला पण नोंद नसलेला रस्ता, आणि आपण मागत असलेला रस्ता. तिन्ही एकाच रेषेत काढले तर शेजाऱ्याच्या जमिनीतून नसलेला रस्ता काढल्यासारखं होतं. स्थळ पाहणीला तहसीलदार किंवा मंडळ अधिकारी आले की ते उघडं पडतं, आणि मग अर्जातल्या खऱ्या गोष्टीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

नकाशाखाली स्पष्ट लिहावं: 'हा मोजणीचा नकाशा नाही, फक्त जागा समजण्यासाठी.' हद्दीच्या वादात लागते ती भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणि तिची 'क' प्रत. रंगीत चित्र कितीही सुंदर असलं तरी त्याची जागा घेत नाही.

पाठवताना आणि जपताना

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबलं जातं, बारीक अक्षरं पुसट होतात. म्हणून पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून पाठवावं. ए-4 छपाईसाठी चित्र 2480 गुणिले 3508 पिक्सेलचं असावं. अक्षरं युनिकोडमध्ये टाकावीत, म्हणजे दुसऱ्याच्या मोबाईलवर नावं दुरुस्त करता येतात.

मूळ कच्चा कागद फेकू नये. त्यावर तारीख आणि मोजणाऱ्यांच्या सह्या घेऊन तो 7/12 च्या फाईलमध्ये ठेवावा, कारण उद्या शंका आली तर मोजलेले आकडे त्यावरच सापडतात. आणि शेवटची प्रत छापण्याआधी एक साधी प्रत घेऊन शेतात जावं, चारही बांधांवरून फिरावं आणि लगतच्या शेतकऱ्यांना दाखवावी. 'आमचं आंब्याचं झाड बांधाच्या अलीकडे दाखवलंय' असं कुणी म्हणालं, तर ते तिथेच बघून दुरुस्त होतं. हेच बोलणं कचेरीत निघालं तर त्याची तारीख पडते.