शेजारच्या गावची एस्थर

आमचे श्रूजबरी गाव मॅसॅच्युसेट्स राज्यात, वुस्टर शहराला लागून आहे. मधे क्विन्सिगॅमंड नावाचे लांबट तळे, पलीकडे वुस्टर आणि दुसऱ्या अंगाला वेस्टबरो. नर्सच्या नोकरीच्या निमित्ताने मी या गावांतून कितीतरी वर्षे ये-जा केली. पण इथल्या मातीलाही काही जुन्या गोष्टी असतील, असे माझ्या मनात कधी आले नाही. आपल्या गोष्टी तिकडे कोकणात राहिल्या आणि इथे आपण पोटापाण्यासाठी आलो, एवढेच मी धरून चालले होते. मग माझ्या नातवाला शाळेत 'जॉनी ट्रेमेन' ही कादंबरी नेमलेली निघाली. तो म्हणाला, "आजी, ही लेखिका आपल्या शेजारच्या गावची आहे, आणि तिचे नाव एस्थर आहे." एस्थर हे नाव आपल्या घरोघरचे. म्हणून मी ते पुस्तक हाती घेतले, आणि त्यापाठोपाठ तिची इतरही.

एस्थर फोर्ब्स यांचा जन्म १८९१ साली वेस्टबरो येथे झाला. त्या लहान असतानाच कुटुंब वुस्टरला राहावयास आले. तेथेच त्यांनी पुष्कळसे लेखन केले आणि तेथेच १९६७ साली त्या वारल्या. कादंबऱ्यांसाठी विषय शोधायला त्यांना लांब जावे लागले नाही. आपल्याच मुलखातील जुनी घरे, खटले, दंतकथा आणि घरात ऐकलेल्या गोष्टी यांतून त्यांनी आपली पात्रे उभी केली. घराण्यातील एक पूर्वज बाई चेटकीण ठरवली जाऊन तुरुंगात मेली, असे त्यांच्या घरात सांगत. १६९२ साली सेलम येथे चेटकाच्या आरोपावरून एकोणीस माणसांना फाशी दिले गेले, त्याच काळातील ही गोष्ट. पुढे १९२८ साली फोर्ब्सबाईंनी 'अ मिरर फॉर विचेस' ही कादंबरी लिहिली. तिची नायिका अशीच चेटकीण मानली गेलेली एक मुलगी आहे.

पण या लेखिकेच्या मागे आणखी एक बाई उभी आहे, आणि मला तिच्याविषयी अधिक सांगायचे आहे. ती म्हणजे तिची आई, हॅरिएट फोर्ब्स. या बाईंनी संसार सांभाळून १८८९ साली वेस्टबरो गावच्या जुन्या हकिकतींचे पुस्तक प्रसिद्ध केले. गावच्या जुन्या पाद्रीची रोजनिशी त्यांनी संपादित केली. कॅमेरा घेऊन त्या ठिकठिकाणच्या जुन्या दफनभूमींत हिंडल्या, थडग्यांच्या दगडांची छायाचित्रे घेतली, ते दगड घडविणाऱ्या पाथरवटांची नावे शोधून काढली आणि १९२७ साली, वयाच्या सत्तरीत, त्यांचा ग्रंथ काढला. मुलगी जेव्हा पॉल रिव्हिअर या बोस्टनच्या देशभक्त चांदीकाम करणाऱ्याचे चरित्र लिहू लागली, तेव्हा आई ऐंशीच्या पुढे होती. तरीही जुनी कागदपत्रे पाहायला ती मुलीबरोबर बसे. ते चरित्र १९४२ साली निघाले आणि दुसऱ्याच वर्षी त्याला इतिहासाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

त्या शोधात फोर्ब्सबाईंना एक छोटी गोष्ट सापडली. इंग्रज सैन्य निघण्याच्या तयारीत आहे, ही बातमी तबेल्यात काम करणाऱ्या एका पोऱ्याने आणली म्हणे. चरित्रात अशा पोऱ्याला किती जागा मिळणार? पण तो त्यांच्या मनातून जाईना. त्यातून १९४३ साली 'जॉनी ट्रेमेन' झाली. चांदीकाम शिकणारा, हात भाजून निकामी झालेला तो मुलगा आज अमेरिकेतील शाळाशाळांत ओळखीचा आहे. इतिहास लिहिताना बाईंनी पुराव्याची मर्यादा पाळली. पुरावा जिथे थांबला तिथे कादंबरी सुरू केली, आणि दोहोंची सरमिसळ होऊ दिली नाही.

त्यांच्या १९३८ सालच्या 'द जनरल्स लेडी' या कादंबरीमागची हकिकत वाचून मात्र मला रात्री झोप लागली नाही. त्या खऱ्या बाईचे नाव बथशेबा स्पूनर. बाप इंग्रज राजाच्या पक्षाचा आणि देश बंडात उतरलेला. १ मार्च १७७८ च्या रात्री ब्रुकफील्ड येथे तिच्या नवऱ्याचा खून करून प्रेत विहिरीत टाकण्यात आले. या प्रकरणात ती आणि तीन सैनिक दोषी ठरले. आपण गरोदर आहोत, मूल होईपर्यंत थांबा, अशी तिने विनंती केली. तपासणीसाठी बारा बायका आणि दोन पुरुष सुईणपण करणारे नेमले गेले. त्यांनी नाही म्हटले. पुन्हा तपासणी झाली तेव्हा काहींनी होय म्हटले. पण २ जुलै १७७८ रोजी वुस्टर येथे चौघांनाही फाशी दिले गेले. नंतर प्रेत तपासले तेव्हा पोटात सुमारे पाच महिन्यांचा मुलगा होता.

मी सारा जन्म नर्सचे काम केले. पोटावर हात ठेवून चवथ्या-पाचव्या महिन्यात नक्की सांगणे किती अवघड असते, हे मला ठाऊक आहे. स्टेथोस्कोपचा शोधच मुळी १८१६ सालचा. त्या बायका दुष्ट होत्या असे मी म्हणणार नाही. पण खात्री नसताना 'नाही' म्हणण्याची घाई झाली. बथशेबाला तिच्या बहिणीच्या घरच्या जमिनीत पुरले, असे सांगतात. आज तेथे ग्रीन हिल नावाचे मोठे उद्यान आहे. मी तेथे जाऊन आले. थडग्यावर खूण नाही. फोर्ब्सबाईंनी कादंबरीत नावे बदलली, घर बदलले, पण तो जीव विसरला जाऊ दिला नाही.

आता आपल्याकडे वळू. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही गोष्ट आपण आईच्या मांडीवर ऐकली. एलियाहू हन्नाबीच्या रथाची खंडाळ्याच्या कातळावर उमटलेली खूण आपण मलिद्याच्या वेळी आठवतो. हे सारे शतकानुशतके तोंडातोंडीच चालले. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहून ठेवला, पण तो छापला गेला तेल अवीव येथे १९३७ साली. चाळीस वर्षे ते बाड पडून होते. ते हरवले असते तर? आणि आपल्यातही एक एस्थर आहेच. अहमदाबादच्या एस्थर डेव्हिड यांनी 'द बुक ऑफ एस्थर' ही २००२ सालची कादंबरी कोकणातील दांड्यापासून सुरू केली, तीही बथशेबा नावाच्याच एका बाईपासून. त्यांच्या 'द बुक ऑफ रेचेल' या कादंबरीला २०१० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गावातले सारे यहुदी निघून गेल्यावर सिनेगॉग राखीत मागे राहिलेल्या एका बाईची ती कथा आहे.

कादंबरीकार शतकातून एखादाच होतो. त्याच्या आधी मात्र हॅरिएटबाईंसारखे टिपून ठेवणारे कोणी तरी लागते. माझी आत्या रेवदंड्याला होती. दफनभूमीतून चालताना कोणते थडगे कोणाचे, कोणाच्या घरी घाणा होता, कोणाचा मुलगा पलटणीत गेला, हे ती न अडखळता सांगे. मी दवाखान्यात परक्या माणसांचा ताप दर चार तासांनी लिहून ठेवला, पण आत्याचे एक वाक्यही लिहिले नाही. आता ती नाही, आणि नातवाने विचारले तर मला चारसहाच नावे आठवतात.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. आपली आडनावेच आपल्या गावांचा नकाशा आहेत: पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर. घरात कोणी वृद्ध माणूस असेल तर या शब्बाथला त्याच्याजवळ बसा, गाव विचारा, आजोबा-पणजोबांची नावे विचारा आणि दुसऱ्या दिवशी मराठीत एका वहीत लिहून काढा. शुद्धलेखनाची काळजी करू नका. पुढे एखादी एस्थर आपल्या घरात जन्माला आलीच, तर तिच्या हाती द्यायला ती वही असू द्या. मीही चारसहा नावांपासून सुरुवात केली आहे.