बेंजो पार्टी

मुंबई, ठाणे, रायगड आणि कोकणपट्टीत मिरवणुका व लग्नकार्यांत वाजणारा वाद्यवृंद. भिवंडी तालुक्यातील आगरी गावांत हळदीच्या रात्री, गणेश विसर्जनाला, शिवजयंतीला आणि आंबेडकर जयंतीला तो ऐकू येतो.

वाद्य : या वृंदातील बेंजोचे अमेरिकी बॅन्जोशी नावापुरतेच साम्य आहे. तो बुलबुलतरंगाचा प्रकार असून त्याचे मूळ जपानी आहे. नागोया येथील गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवून ‘ताइशोगोतो’ हे वाद्य घडवले. लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या असतात आणि त्यांवर कळांची रांग असते. वादक डाव्या हाताने कळा दाबतो व उजव्या हातातील नखीने तारा छेडतो. मींड सहज निघत नाही, म्हणून तीच तार भराभर छेडून स्वर लांबवला जातो. पिकअप बसवून भोंग्याला जोडले की ढोल-ताशांच्या कल्लोळातही चाल स्पष्ट ऐकू येते. याच वाद्याला बलुचिस्तानात ‘बेंजू’ म्हणतात आणि तेथे ते मैफलीत वाजते.

वृंद व वादन : बेंजोच्या साथीला ढोल, ताशा, ड्रम असतात, पुढे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले. कित्येक वृंदांत आज चाल कीबोर्डच धरतो, तरी नाव बेंजोचेच राहिले आहे. वादक बहुधा दिवसा नोकरी-धंदा करून रात्री सुपारी वाजवतात. चाली कानाने उचलल्या जातात. कोळीगीते, आगरी गाणी, भीमगीते, आरत्या आणि चित्रपटगीते एकाच ठेक्यात गुंफून नाच थांबू न देणे, ही यातली खरी कसोटी. आगरी लग्नात धवलारीण धवळे गाऊन विधी पार पाडते. मांडवातला नाच बेंजो सांभाळतो.

तुलना : परक्या वाद्याला आपल्या ठेक्यात बसवण्याचे असेच उदाहरण अमेरिकेतील लुइझियानात आढळते. तेथील फ्रेंचभाषक कृष्णवर्णीय क्रिओल लोकांनी युरोपीय अकॉर्डियनला छातीवर अडकवायच्या नालीदार पत्र्याच्या वाद्याची जोड दिली. त्यातून झायडेको संगीत घडले. झायडेको वादक क्लिफ्टन शेनिये (१९२५–८७) यांना १९८४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि त्या संगीताची प्रतिष्ठा वाढली.

सद्यःस्थिती : रवी जाधव दिग्दर्शित ‘बँजो’ (२०१६) या हिंदी चित्रपटाने मुंबईतील या वादकांचे जग पडद्यावर आणले. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधील रात्री दहानंतरच्या निर्बंधांमुळे वादनाची वेळ आखडली, तर डीजेने त्यांच्या सुपाऱ्यांत वाटा मागितला. तरीही नाचणाऱ्यांचा अंदाज घेऊन लय चढवणे-उतरवणे ही जिवंत वादकाचीच किमया आहे. बेंजो हे कामकरी वस्त्यांनी स्वतः घडवलेले नागर लोकसंगीत असून, त्याच्या वादकांची नावे आणि चाली ध्वनिमुद्रणासह जपणे हे लोकसंगीताच्या अभ्यासकांचे कर्तव्य आहे.