टेलिफोटो झूम भिंगातील फोकसदोष

टेलिफोटो झूम भिंगातील फोकसदोष म्हणजे दीर्घ व बदलत्या नाभीय अंतराच्या भिंगाने (उदा. ७०-३०० मिमी, १००-४०० मिमी, १५०-६०० मिमी) छायाचित्र घेताना अपेक्षित विषय सुस्पष्ट न येणे किंवा स्वयंचलित फोकस विषयावर स्थिरच न होणे. पक्षी, वन्यजीव आणि मैदानी खेळ यांच्या छायाचित्रणात ही तक्रार नेहमी आढळते. अस्पष्टतेचा सारा दोष भिंगाला देण्याची प्रवृत्ती असली, तरी फोकस चुकणे, कॅमेरा हलणे आणि मधल्या हवेची चलबिचल या तीन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील नेमकी कोणती घडली, हे न पाहता भिंग दुरुस्तीस दिल्यास खर्च होतो आणि दोष मात्र तसाच राहतो.

दोषाची ओळख

फोकस चुकलेल्या चित्रात विषय अस्पष्ट असला, तरी त्याच्या पुढचे किंवा मागचे काहीतरी, जसे गवताचे पाते किंवा फांदीची साल, बहुधा स्पष्ट असते. कॅमेरा हलल्यास सर्व चित्र एकाच दिशेने पुसट होते आणि प्रकाशाचे ठिपके रेघांसारखे ओढले जातात. चित्राची एकच बाजू सतत अस्पष्ट येत असेल, तर आतील एखादे भिंग मध्यापासून सरकले असण्याची शक्यता असते. सपाट भिंतीसमोर कॅमेरा समांतर ठेवून घेतलेल्या चित्रात हा दोष लगेच दिसतो.

तापलेल्या जमिनीवरून किंवा पाण्यावरून दूरचा विषय टिपताना हवेच्या थरांतील घनतेच्या फरकामुळे प्रकाशकिरण सतत वाकतात. ताडोब्यात मे महिन्याच्या दुपारी किंवा भिगवणच्या जलाशयावर ऊन चढल्यावर घेतलेली दूरची चित्रे मऊ येतात, त्याचे एक कारण हेच होय. अशा वेळी महागडे भिंगही निरुपयोगी ठरते. सकाळी लवकर छायाचित्रण करणे किंवा विषयाशी अंतर कमी करणे, एवढाच त्यावर इलाज आहे.

सामान्य कारणे

प्रथम भिंगावरील कळ स्वयंचलित फोकसवर आहे की हस्तचलित फोकसवर, हे पाहावे. पिशवीतून काढताना ती सरकणे नित्याचे आहे. त्यानंतर अंतरमर्यादेची कळ तपासावी. निकॉनच्या २००-५०० मिमी भिंगावर ही कळ ६ मीटर ते अनंत अशा स्थितीत असल्यास ४ मीटरवरील पक्ष्यावर स्वयंचलित फोकस होणार नाही. मर्यादा काढली, तरी या भिंगाचे किमान फोकस-अंतर २.२ मीटर आहे. त्याहून जवळच्या वस्तूवर फोकस न होणे हा बिघाड नव्हे.

फोकसचे यंत्र पुढे-मागे फिरत राहते, तेव्हा बहुधा प्रकाश अपुरा असतो, विषयावर छायाभेद नसतो किंवा मध्ये फांद्या, जाळी अथवा धुके असते. पुष्कळ डीएसएलआर कॅमेऱ्यांची फोकस-संवेदके एफ/५.६ पर्यंतच खात्रीने काम करतात. १.४ पट टेलिकन्व्हर्टर लावल्यास एक स्टॉप व २ पट लावल्यास दोन स्टॉप प्रकाश घटतो. त्यामुळे एफ/५.६ चे भिंग अनुक्रमे एफ/८ व एफ/११ चे होते आणि स्वयंचलित फोकस अडखळतो किंवा बंद पडतो. हलक्या प्रतीचा संरक्षक फिल्टरही दीर्घ नाभीय अंतरावर चित्र मऊ करतो. तो काढून एक चित्र घ्यावे; खर्च काहीच नाही.

भिंग व कॅमेरा यांची जुळणी हाही विचारात घेण्याचा भाग आहे. निकॉनच्या जुन्या एएफ भिंगांत मोटर नसल्यामुळे डी४० व त्यापुढील डी३०००, डी५००० या श्रेणींच्या कॅमेऱ्यांवर त्यांचा स्वयंचलित फोकस चालत नाही. जुनी भिंगे विकत घेणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते.

३०० मिमी व एफ/५.६ वर, पूर्ण-फ्रेम कॅमेऱ्यात, १० मीटरवरील विषयासाठी स्पष्टतेची खोली सुमारे ३६ सेंटीमीटर असते. ५ मीटरवर ती जेमतेम ९ सेंटीमीटर उरते. म्हणजे पक्ष्याच्या पंखावर फोकस झाल्यास डोळा अस्पष्ट येऊ शकतो. यासाठी एकच फोकस-बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवणे अधिक खात्रीचे असते. स्थिरचित्रणाची बहुतेक झूम भिंगे नाभीय अंतर बदलल्यावर फोकस टिकवून धरत नाहीत, म्हणून झूम केल्यानंतर फोकस पुन्हा घ्यावा लागतो.

चाचणी व समायोजन

कॅमेरा तिपाईवर ठेवून प्रतिमा-स्थिरक बंद करावा आणि ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवावे. छापील मजकुराचा सपाट कागद समोर कॅमेऱ्याला समांतर लावून सेल्फ-टायमरने चित्रे घ्यावीत: काही दृश्यदर्शकातून फोकस करून, काही लाइव्ह व्ह्यूमधून. लाइव्ह व्ह्यूमधील चित्र स्पष्ट आणि दृश्यदर्शकातील सातत्याने अस्पष्ट येत असेल, तर काचेत दोष नसून डीएसएलआरच्या फोकस-यंत्रणेचे जुळणीमान बिघडलेले असते. दोन्ही अस्पष्ट असल्यास भिंगाकडे संशय जातो. कधी पुढे, कधी मागे असा फोकस चुकत असेल, तर समायोजनाचा उपयोग होत नाही.

सूक्ष्म समायोजनाची सोय कॅनन व निकॉन यांच्या अनेक कॅमेऱ्यांत उणे २० ते अधिक २० या पट्टीवर असते. झूम भिंगासाठी एकच आकडा मात्र पुरेसा नसतो, कारण १०० मिमीवरील चूक ४०० मिमीवर तितकीच असेल असे नाही. सिग्माच्या यूएसबी डॉकने झूम भिंगाचे चार नाभीय अंतरे व चार विषय-अंतरे असे १६ ठिकाणी समायोजन करता येते. मिररलेस कॅमेऱ्यात फोकस मुख्य संवेदकावरच मोजला जात असल्याने हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

संपर्कबिंदू व बुरशी

भिंग व कॅमेरा यांमधील धातूचे संपर्कबिंदू मळल्यास फोकस अधूनमधून बंद पडतो. कॅननच्या कॅमेऱ्यांत अशा वेळी ‘एरर ०१’ हा संदेश दिसतो. कॅमेरा बंद करून कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने ते पुसावेत.

कोकण व गोव्यासारख्या दमट हवेत भिंगाच्या आतील काचांवर बुरशी चढते. तिचे जाळे पसरल्यावर छायाभेद घटतो आणि फोकस डळमळू लागतो. पावसाळ्यात भिंग चामडी पिशवीत न ठेवता सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवणे हितकारक असते. बुरशीने काचेवरील लेप खाल्ला असल्यास स्वच्छतेनंतरही त्याचे डाग राहतात. म्हणून वापरलेले भिंग घेताना त्यातून विजेरीचा झोत तिरपा टाकून आतील काचा पाहाव्यात.